तासाभराने नाहीशी होणारी परवानगी: अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतील महत्त्वाच्या ऑब्जेक्टचे रक्षण

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे सहाशे वापरकर्त्यांच्या एका संस्थेत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे वापरकर्ते, संगणक आणि त्यांचे अधिकार एका जागी सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था, आहे; तिच्या कक्षेला डोमेन म्हणतात. हेल्पडेस्कच्या ग्रुपला एका ओयूवर (खाती ठेवण्याच्या एका विभागावर) पासवर्ड बदलून देण्याचा अधिकार सोपवला आहे आणि तो जवळजवळ सगळ्या खात्यांवर नीट चालतो. अकरा खात्यांवर मात्र ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येते. त्या खात्यांवर हाताने परवानगी दिली की थोडा वेळ काम होते आणि तासाभरात परवानगी आपोआप नाहीशी होते. हे कोणी घुसखोर करत आहे का, ही प्रक्रिया बंद करता येईल का, आणि डोमेन अ‍ॅडमिन्ससारखे ग्रुप अनधिकृत बदलांपासून कसे राखावेत, असे तीन प्रश्न विचारले आहेत.

घुसखोर हे करत नाही. डोमेन स्वतःच हे करते आणि विचारपूर्वक करते. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘बंद करू नका’ असे आहे. डोमेन ज्यांच्या परवानग्या स्वतः राखते त्या संरक्षित यादीत ती अकरा खाती का आली, याचा शोध घेणे हे खरे काम आहे, आणि त्या शोधातूनच तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग मिळतो.

आधी यंत्रणा समजून घेऊ. प्रत्येक डोमेनमध्ये सिस्टम नावाच्या कंटेनरखाली अ‍ॅडमिनएसडीहोल्डर नावाचे एक ऑब्जेक्ट (डिरेक्टरीतील नोंद; प्रत्येक खाते आणि ग्रुप हेही असेच ऑब्जेक्ट) असते. युजर्स अँड कॉम्प्युटर्स या कन्सोलमध्ये व्ह्यू मेनूतून अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स चालू केल्याशिवाय ते दिसत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे डोमेन सांभाळणाऱ्या अनेकांनी ते कधी उघडूनही पाहिलेले नसते. या ऑब्जेक्टला स्वतःचे काही काम नाही. त्याच्यावर असलेली परवानग्यांची यादी हा एक नमुना आहे. पीडीसी एम्युलेटर ही खास भूमिका ज्या डोमेन कंट्रोलरकडे (डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरकडे) असते, तो दर ६० मिनिटांनी सर्व संरक्षित ग्रुप आणि त्यांच्या सदस्यांच्या परवानग्या या नमुन्याशी ताडून पाहतो. कोठे फरक आढळला तर तेथील यादी पुसून नमुन्यातील यादी लिहितो, वरच्या ओयूकडून वारशाने येणाऱ्या परवानग्या, म्हणजे इनहेरिटन्स, बंद करतो आणि त्या ऑब्जेक्टच्या अ‍ॅडमिनकाउंट या गुणधर्मात १ ही किंमत ठेवतो. व्यवहारात सगळे या कामाला एसडीप्रॉप म्हणतात. काटेकोरपणे पाहिले तर एसडीप्रॉप हे इनहेरिटन्स खालपर्यंत पोहोचवणाऱ्या वेगळ्या प्रक्रियेचे नाव आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या लेखनातही दोन्ही नावे मिसळलेली असल्याने मीही येथे प्रचलित नावच वापरतो.

विंडोज २००० बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली तेव्हापासून ही व्यवस्था तिच्यात आहे, आणि ती का लागली हे तुमच्याच उदाहरणावरून कळते. तुम्ही हेल्पडेस्कला एका ओयूतील सगळ्यांचे पासवर्ड बदलण्याचा अधिकार दिला. उद्या एखाद्या डोमेन अ‍ॅडमिनचे खाते कोणी नकळत त्या ओयूत हलवले आणि ही व्यवस्था नसली, तर हेल्पडेस्कवरचा कोणताही कर्मचारी त्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलून त्याच्या नावाने लॉगइन करू शकेल. त्या क्षणी तो संपूर्ण डोमेनचा मालक होतो. ओयूवर सोपवलेला अधिकार अशा आडवाटेने डोमेनच्या शिखरापर्यंत पोहोचू नये, यासाठी अधिकारसंपन्न खात्यांचे वरून येणारे इनहेरिटन्स तोडलेले असते.

संरक्षित यादीत काय येते, हे नीट लक्षात ठेवले पाहिजे. डोमेन अ‍ॅडमिन्स, एंटरप्राइज अ‍ॅडमिन्स, स्कीमा अ‍ॅडमिन्स आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स हे ग्रुप सर्वांना सुचतात. त्यांच्याबरोबरच अकाउंट ऑपरेटर्स, सर्व्हर ऑपरेटर्स, प्रिंट ऑपरेटर्स, बॅकअप ऑपरेटर्स, रेप्लिकेटर, डोमेन कंट्रोलर्स, रीड-ओन्ली डोमेन कंट्रोलर्स हे ग्रुप आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व केआरबीटीजीटी (लॉगइनची तिकिटे ज्याच्या किल्लीने बनतात ते अंतर्गत खाते) ही दोन खातीही त्यात आहेत. विंडोज सर्व्हर २०१६ पासून की अ‍ॅडमिन्स आणि एंटरप्राइज की अ‍ॅडमिन्स यांची भर पडली. सदस्यत्व थेट असो वा ग्रुपच्या आत ग्रुप अशा साखळीतून आलेले असो, दोन्ही धरले जाते. मधला एखादा ग्रुप केवळ ईमेलसाठीचा डिस्ट्रिब्यूशन ग्रुप असला तरी त्याचे सदस्य धरले जातात, कारण डिस्ट्रिब्यूशन ग्रुपचे सिक्युरिटी ग्रुपमध्ये रूपांतर एका क्लिकने होऊ शकते.

माझ्या अनुभवात अशी ‘अडलेली’ खाती निघतात तेव्हा त्यांतील बरीचशी प्रिंट ऑपरेटर्स किंवा बॅकअप ऑपरेटर्समुळे अडलेली असतात. प्रिंटर जोडून देणाऱ्या तंत्रज्ञाला कोणीतरी कधीतरी प्रिंट ऑपरेटर्समध्ये घातलेले असते, कारण नाव निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात हा ग्रुप डोमेन कंट्रोलरवर थेट लॉगइन करू शकतो आणि तेथे ड्रायव्हर चढवू शकतो. बॅकअप ऑपरेटर्सचा सदस्य डोमेन कंट्रोलरवरील फाइलींची प्रत काढू शकतो, आणि त्या फाइलींमध्ये डिरेक्टरीचा डेटाबेसही असतो, ज्यात सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश (पासवर्डवरून काढलेली सांकेतिक रूपे) साठवलेले असतात. म्हणून हे चारही ऑपरेटर ग्रुप रिकामे ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रिंट सर्व्हरचे काम प्रिंट सर्व्हरवरच्या स्थानिक अधिकारांनी होते, त्यासाठी डोमेन कंट्रोलरची किल्ली लागत नाही.

आता तुमची अकरा खाती. प्रत्येकाचे सदस्यत्व साखळीसकट तपासा. पॉवरशेल या विंडोजच्या आदेश-साधनामध्ये गेट-एडीग्रुपमेंबर हा आदेश रिकर्सिव्ह पर्यायासह वरील प्रत्येक ग्रुपवर चालवला तर आतील सगळी नावे बाहेर येतात. त्याचबरोबर ज्यांचे अ‍ॅडमिनकाउंट १ आहे अशा सर्व खात्यांची यादी काढा. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की त्या बहुधा जुळणार नाहीत. अ‍ॅडमिनकाउंट १ आहे, पण आज कोणत्याही संरक्षित ग्रुपचे सदस्यत्व नाही, अशी काही खाती दिसतील. एखादे खाते ग्रुपमधून काढले म्हणून यंत्रणा अ‍ॅडमिनकाउंट पुसत नाही आणि तोडलेले इनहेरिटन्स पुन्हा जोडतही नाही. पूर्वी कधीतरी दोन दिवसांसाठी अ‍ॅडमिन केलेला कर्मचारी वर्षानुवर्षे या अवस्थेत राहतो. अशा खात्यावर ओयूवरून येणारी परवानगी पोहोचत नाही, पण हाताने दिलेली परवानगी टिकते. तुमच्याकडे हाताने दिलेली परवानगी तासाभरात जाते आहे, याचाच अर्थ ती अकरा खाती आजही कोणत्या ना कोणत्या वाटेने संरक्षित ग्रुपची सदस्य आहेत. अ‍ॅडमिनकाउंट हाताने शून्य करून काही साधणार नाही. यंत्रणा निर्णय सदस्यत्वावरून घेते, तो गुणधर्म ही केवळ मागे राहिलेली खूण आहे.

येथे लोक सहसा एका चुकीच्या वाटेला लागतात, आणि तिच्याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण तिचे परिणाम मी जवळून पाहिले आहेत. परवानगी टिकत नाही म्हटल्यावर कोणीतरी सुचवते की ती अ‍ॅडमिनएसडीहोल्डरवरच द्या, मग ती दर तासाला आपोआप लागू होईल. हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे आणि म्हणूनच घातक आहे. काही वर्षांपूर्वी एका उत्पादन कंपनीच्या डोमेनची तपासणी करताना मला नमुन्याच्या यादीत हेल्पडेस्कचा ग्रुप पासवर्ड बदलण्याच्या अधिकारासह सापडला. तुमच्यासारखीच अडचण आली असता कोणीतरी सद्हेतूने तो तेथे घातला होता आणि नंतर नोकरी सोडली होती. त्या दिवसापासून हेल्पडेस्कवरच्या प्रत्येकाला, त्यात कंत्राटी कर्मचारीही आले, प्रत्येक डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलता येत होता. हेल्पडेस्कमधील एका जरी माणसाने फसव्या ईमेलवर क्लिक केले असते, तरी संपूर्ण डोमेन हातचे गेले असते. ग्रुपच्या सदस्यांची यादी दर तिमाहीला तपासली जात होती आणि ती दर वेळी निर्दोष निघत होती, कारण दोष सदस्यांच्या यादीत नव्हताच. ही गोष्ट आठवली की मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

जे त्या कंपनीत अजाणता घडले, तेच हल्लेखोर जाणूनबुजून करतात. एकदा डोमेन अ‍ॅडमिनचे अधिकार मिळाले की ते नमुन्यावर एखाद्या सामान्य दिसणाऱ्या खात्याला पूर्ण नियंत्रण देऊन ठेवतात. तुम्ही त्यांना पकडले, सगळे पासवर्ड बदलले, डोमेन अ‍ॅडमिन्समधून परके नाव काढले, तरी पुढच्या फेरीत यंत्रणा त्यांचे अधिकार सर्व संरक्षित ऑब्जेक्टवर पुन्हा लिहून देते. दर तासाला ताडून पाहणारा हा पहारेकरी नमुना बरोबर आहे असेच गृहीत धरतो, आणि खुद्द नमुन्याला ताडून पाहणारे कोणी नसते. ते काम माणसाला करावे लागते. म्हणून अ‍ॅडमिनएसडीहोल्डरवरील यादी आज एकदा काढून, प्रत्येक ओळ समजून घेऊन, छापून किंवा सुरक्षित जागी जतन करून ठेवावी आणि नियमितपणे तिच्याशी तुलना करावी. डीएसएसीएलएस हा आदेश त्यासाठी पुरेसा आहे.

आणखी दोन पळवाटा सुचवल्या जातात. डीएसह्युरिस्टिक्स या गुणधर्मातील सोळावे अक्षर बदलून चार ऑपरेटर ग्रुपांना संरक्षणातून वगळता येते. ही किंमत संपूर्ण फॉरेस्टला (एकत्र जोडलेल्या सर्व डोमेनना) लागू होते, आणि वर सांगितलेले कारण पाहता ज्या ग्रुपना वगळायचे तेच धोकादायक आहेत, म्हणून मी ही वाट कधीच सुचवत नाही. उलट ते अक्षर कोणी आधीच बदलून ठेवले नाही ना, हे तुम्ही पाहावे. दुसरी पळवाट म्हणजे रजिस्ट्रीतील अ‍ॅडमिनएसडीप्रोटेक्टफ्रीक्वेन्सी ही किंमत वाढवून फेरी लांबवणे. ती ६० ते ७२०० सेकंदांच्या दरम्यान ठेवता येते, म्हणजे फार तर दोन तास मिळतील. कमी केली तर मोठ्या डोमेनमध्ये लॉगइन व डिरेक्टरी सांभाळणाऱ्या एलएसएएसएस प्रक्रियेवरचा भार वाढतो. ६० मिनिटेच राहू द्यावीत. बदल लगेच लागू व्हायला हवा असेल, तर विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून रूटडीएसई या डिरेक्टरीच्या मूळ नोंदीवर रनप्रोटेक्टअ‍ॅडमिनग्रुप्सटास्क ही किंमत लिहून फेरी त्याच क्षणी चालवता येते.

ही यंत्रणा ज्यांचे रक्षण करत नाही, ती ऑब्जेक्ट अनेकदा तितकीच महत्त्वाची असतात. येथेच बहुतेक डोमेनमध्ये मला मोठी छिद्रे सापडतात.

डोमेनचे मूळ ऑब्जेक्ट या यादीत नाही. त्याच्यावर ‘रेप्लिकेटिंग डिरेक्टरी चेंजेस’ आणि ‘रेप्लिकेटिंग डिरेक्टरी चेंजेस ऑल’ असे दोन अधिकार असतात. ज्या खात्याकडे हे दोन्ही आहेत, ते स्वतः डोमेन कंट्रोलर असल्याचे भासवून कोणत्याही खात्याच्या पासवर्डचे हॅश मागवू शकते, त्यात केआरबीटीजीटीही आले. हे अधिकार डोमेन कंट्रोलर व अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स यांच्याखेरीज आणखी कोणाकडे असतील, तर त्यामागे नोंदवलेले कारण असले पाहिजे. क्लाउडशी पासवर्ड जुळवणारे, एमएसओएल या अक्षरांनी नाव सुरू होणारे सिंक खाते हे असे एक रास्त कारण आहे, पण मग ते खाते आणि ते ज्या सर्व्हरवर चालते तो सर्व्हर, दोन्ही डोमेन कंट्रोलरइतक्याच काळजीने सांभाळावे लागतात. एक्सचेंज हा मायक्रोसॉफ्टचा ईमेल सर्व्हर वापरात असेल किंवा पूर्वी होता, तर आणखी एक गोष्ट पाहा. त्याच्या स्थापनेतून एक्सचेंज विंडोज परमिशन्स या ग्रुपला डोमेनच्या मुळावर परवानगी-यादी बदलण्याचा अधिकार मिळत असे. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०१९ मध्ये हे अधिकार कमी केले, परंतु जेथे एक्सचेंज अद्ययावत केले नाही किंवा काढून टाकताना मागची साफसफाई केली नाही, तेथे जुनी ओळ तशीच राहिलेली मी पाहिली आहे.

ग्रुप पॉलिसीची, म्हणजे संगणकांना सेटिंग लावणाऱ्या नियमांची, ऑब्जेक्टही यादीत नाहीत. डोमेन कंट्रोलर्सच्या ओयूला जोडलेली पॉलिसी ज्याला बदलता येते, तो डोमेन कंट्रोलरवर हवा तो प्रोग्राम चालवू शकतो. ग्रुप पॉलिसी क्रिएटर ओनर्स आणि डीएनएसअ‍ॅडमिन्स हे ग्रुप संरक्षित नाहीत. ज्या ओयूंमध्ये अ‍ॅडमिनची खाती, सर्व्हर आणि सर्व्हिस खाती (प्रोग्राम चालवण्यासाठीची खाती) ठेवली आहेत, त्या ओयूही नाहीत. या सर्वांवर कोणाकोणाला लेखनाचे अधिकार आहेत याची यादी तुम्हालाच काढावी लागेल. बहुसंख्य डोमेनमध्ये ही यादी हाताने उलगडत नाही, इतके ग्रुपमध्ये ग्रुप असतात. ब्लडहाउंड किंवा पिंगकॅसल यांसारखी साधने येथे फार उपयोगी पडतात. ब्लडहाउंड २०१६ पासून उपलब्ध आहे, आणि हल्लेखोर ते वापरतात हे उघड आहे. त्यांच्या आधी आपण ते आपल्या डोमेनवर चालवलेले बरे.

मालकीकडे तर क्वचितच कोणी पाहते. ऑब्जेक्टचा मालक असलेल्या खात्याला त्या ऑब्जेक्टची परवानगी-यादी बदलण्याचा अधिकार न देताही मिळतो. हेल्पडेस्कच्या एखाद्या खात्याने पूर्वी सर्व्हर डोमेनला जोडला असेल, तर त्या कॉम्प्युटर ऑब्जेक्टचा मालक आजही तेच खाते असू शकते. महत्त्वाच्या सर्व ऑब्जेक्टची मालकी डोमेन अ‍ॅडमिन्सकडे आहे, याची खात्री करून घ्यावी.

‘प्रोटेक्ट ऑब्जेक्ट फ्रॉम अ‍ॅक्सिडेंटल डिलीशन’ ही खूण विंडोज सर्व्हर २००८ पासून आहे आणि सर्व ओयूंवर ती असलीच पाहिजे. तिच्यामुळे सर्वांना पुसण्याची मनाई करणाऱ्या नोंदी ऑब्जेक्टवर लिहिल्या जातात. पण तिच्या नावातच तिची मर्यादा आहे. चुकून पडलेल्या क्लिकपासून ती वाचवते. परवानगी-यादी बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, तो आधी खूण काढेल आणि मग पुसेल. मनाईच्या नोंदींवर भिस्त ठेवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे की वारशाने आलेली मनाई थेट दिलेल्या परवानगीपुढे हरते. रक्षण मनाया वाढवून होत नाही, दिलेल्या परवानग्या कमी करून होते. त्याच बैठकीत रीसायकल बिनही चालू करून टाका. तो आपोआप चालू नसतो, एकदा चालू केला की बंद करता येत नाही, आणि त्यात पुसलेली ऑब्जेक्ट सर्व गुणधर्मांसह, बहुतेक फॉरेस्टमध्ये १८० दिवस, परत आणता येतात. चुकीचा बदल मात्र त्यातून उलटवता येत नाही.

बदल कोणी केला हे कळण्यासाठी ‘ऑडिट डिरेक्टरी सर्व्हिस चेंजेस’ ही पॉलिसी सर्व डोमेन कंट्रोलरवर चालू करा आणि महत्त्वाच्या ऑब्जेक्टवर ऑडिटच्या नोंदी लावा. वरचे ऑडिट सगळीकडे पोहोचतेच असे धरू नका, अ‍ॅडमिनएसडीहोल्डरवर ते आहे का ते स्वतंत्रपणे पाहा. त्यानंतर ५१३६ हा इव्हेंट बदलाची, ५१३७ निर्मितीची, ५१३९ स्थलांतराची आणि ५१४१ पुसण्याची नोंद देतो. सिक्युरिटी ग्रुपमध्ये सदस्य घातल्याचे इव्हेंट ग्लोबल ग्रुपसाठी ४७२८, लोकलसाठी ४७३२ आणि युनिव्हर्सलसाठी ४७५६ असे आहेत. संरक्षित खात्यांवरील परवानग्यांची यादी यंत्रणेने पुन्हा लिहिली की पीडीसी एम्युलेटरवर ४७८० येतो. या सगळ्यांतून मला एकाच सूचनेवर रात्री उठायचे असेल, तर ती अ‍ॅडमिनएसडीहोल्डरवरील ५१३६ ची असेल, कारण त्या ऑब्जेक्टमध्ये बदल करण्याचे रास्त कारण वर्षानुवर्षे येत नाही. नोंदी डोमेन कंट्रोलरवरच ठेवू नका, कारण तेथे अ‍ॅडमिन झालेला माणूस त्या पुसू शकतो. भारतातील संस्थांवर सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जतन करण्याचे आणि घटनेची माहिती ६ तासांत कळवण्याचे बंधनही आहे. नोंदी वेगळ्या सर्व्हरवर गोळा होत नसतील, तर ६ तासांत नेमके काय कळवणार, हा प्रश्न व्यवस्थापनापुढे जरूर मांडा. खर्चाला मंजुरी मिळवताना त्याचा मला उपयोग झाला आहे.

खात्यांची विभागणी हा मात्र टाळण्यासारखा भाग नाही. अ‍ॅडमिनला रोजच्या ईमेलसाठी एक साधे खाते आणि डोमेनच्या कामासाठी दुसरे खाते असावे. दुसऱ्या खात्याने डोमेन कंट्रोलर आणि त्यासाठी राखून ठेवलेला संगणक यांखेरीज कोठेही लॉगइन करू नये. स्कीमा अ‍ॅडमिन्स आणि एंटरप्राइज अ‍ॅडमिन्स काम नसताना रिकामे असावेत. डोमेनच्या कामाची ही खाती प्रोटेक्टेड युजर्स या ग्रुपमध्ये घालावीत, म्हणजे त्यांना एनटीएलएम ही जुनी लॉगइन पद्धत वापरता येत नाही आणि त्यांचे केर्बेरॉस या नव्या पद्धतीचे तिकीट ४ तासांत संपते. सर्व्हिस खाती मात्र त्या ग्रुपमध्ये घालू नका, ती बंद पडतील. आणि आणीबाणीसाठी एक अ‍ॅडमिन खाते या ग्रुपबाहेर, पासवर्ड तिजोरीत ठेवून, राखा.

बॅकअपबद्दल थोडेच, कारण विषय वेगळा आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीचे जवळजवळ सर्व डोमेन कंट्रोलर निकामी केले, आणि मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. डिरेक्टरीची शाबूत प्रत सापडली ती घानामधील एका डोमेन कंट्रोलरवर, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती. आपल्या डोमेन कंट्रोलरच्या सिस्टम स्टेटची (डिरेक्टरीसह त्याच्या मूळ प्रणालीची) एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तोडलेल्या जागी ठेवावी आणि ती परत उभी करण्याचा सराव वर्षातून एकदा तरी करावा.

आता आपल्या अकरा खात्यांकडे परत येऊ. ज्यांना खरोखर अ‍ॅडमिनचे काम आहे, त्यांची खाती त्या ओयूतून वेगळ्या ओयूत हलवा. त्यांचे पासवर्ड हेल्पडेस्कने बदलायचेच नाहीत, डोमेन अ‍ॅडमिननेच बदलायचे. उरलेल्यांना संरक्षित ग्रुपमधून काढा, मग अ‍ॅडमिनकाउंट रिकामे करा, सिक्युरिटीच्या टॅबमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड खिडकी उघडून परवानग्या मूळ स्थितीत आणा आणि इनहेरिटन्स चालू करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. सदस्यत्व आधी न काढता बाकीचे केले तर पुढच्या फेरीत सगळे पुसले जाईल. एखादे खाते दीर्घकाळ डोमेन अ‍ॅडमिन असेल, तर ते साधे करण्यापेक्षा बंद करून त्या माणसाला नवे खाते देणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण जुन्या खात्याला मधल्या काळात आणखी कोठे काय मिळाले हे कोणालाच आठवत नसते. एवढे झाल्यावर हेल्पडेस्कच्या सहकाऱ्याला त्यातील एका खात्याचा पासवर्ड बदलायला सांगा, आणि सव्वा तासाने तोच प्रयोग पुन्हा करायला सांगा. दुसऱ्या वेळीही बदलता आला, तर ते खाते संरक्षित यादीतून खरोखर बाहेर पडले आहे. नाही आला, तर मधल्या कुठल्यातरी ग्रुपची साखळी अजून तुमच्या नजरेतून सुटली आहे आणि तीच आधी शोधायची आहे.